महाविद्यालयीन खेळाडूंचा प्रवेश, पात्रता आणि वर्तन : सोलापूर जिल्ह्यातील जिमखान्यांसाठी मार्गदर्शिका

बारावीचा निकाल लागला की सोलापूर जिल्ह्यात प्रवेशाच्या रांगांबरोबर आणखी एक धावपळ सुरू होते. वेळापूर-वाडीकुरोली भागातला चपळ खो-खोपटू, अकलूजकडचा मल्ल, शहरात पार्क मैदानावर रोज सकाळी घाम गाळणारी धावपटू, यांना कोणत्या महाविद्यालयात आणायचे याची चर्चा प्रवेश अर्ज निघण्याआधीच क्रीडा शिक्षकांत रंगलेली असते. फी माफ करू, वसतिगृहात सोय करू, बूट आणि ट्रॅकसूट देऊ, असे शब्द दिले जातात आणि त्यांतले बरेचसे चांगल्या हेतूनेच दिले जातात. मात्र ऐन आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या तोंडावर एखादा खेळाडू अपात्र ठरतो, तेव्हा त्याचे कारण बहुधा जून-जुलैतल्या प्रवेशाच्या कागदांतच सापडते. म्हणून खेळाडूला महाविद्यालयात कसे आणावे, त्याची पात्रता केव्हा आणि कशी तपासावी आणि मैदानावर, दवाखान्यात व दौऱ्यावर त्याने काय पाळावे, हे सर्व येथे एकत्र मांडले आहे. हे लेखन प्रामुख्याने जिमखान्याची जबाबदारी नव्याने अंगावर घेतलेल्या प्राध्यापकांसाठी असले, तरी खेळाडूंनी आणि त्यांच्या पालकांनीही ते वाचावे, कारण चूक कोणाचीही असली तरी वर्ष खेळाडूचे वाया जाते.

कोणाचा नियम कोठे लागतो

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ हे एका जिल्ह्यापुरते विद्यापीठ आहे. १ ऑगस्ट २००४ रोजी ते कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठापासून वेगळे झाले आणि २०१९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतचे क्रीडा शिक्षक एकमेकांना नावानिशी ओळखतात. त्यामुळे माहिती लवकर मिळते हे खरे, पण नियमाऐवजी ओळखीवर भागवून नेण्याची सवयही त्यातूनच लागते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंत ती सवय खपून जाते. तेथून निवडलेला विद्यापीठाचा संघ जेव्हा असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एआययूच्या, पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो, तेव्हा समोरच्या राज्यातले संघव्यवस्थापक आपल्या खेळाडूंचे कागद भिंग लावून पाहत असतात. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांसाठीचे संघही एआययूच्या स्पर्धांतील कामगिरीवरून निवडले जात असल्याने, येथे गेलेले गुण पुढची दारेही बंद करतात. राज्य पातळीवर ‘अश्वमेध’ हा आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव असतो आणि त्याची परिपत्रके स्वतंत्र निघतात.

एक गल्लत दरवर्षी होते. आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग आणि पदवीचे वर्ग बहुतेक ठिकाणी एकाच आवारात भरतात, मैदान एक असते आणि क्रीडा शिक्षकही पुष्कळदा तेच असतात. तरीही कनिष्ठ महाविद्यालयाचा खेळाडू हा शालेय खेळाडू असतो. त्याच्या एकोणीस वर्षांखालील स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात आणि विद्यापीठाच्या स्पर्धेशी त्याचा काहीही संबंध नसतो. कबड्डीच्या संघात एक चढाईपटू कमी पडला म्हणून बारावीतला मुलगा ‘एका सामन्यापुरता’ वरच्या संघात उतरवणे म्हणजे संपूर्ण संघाची कामगिरी रद्द करून घेण्याची तयारी करणे होय.

खेळाडूला बोलावताना

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने खेळाडूंच्या भरतीसाठी जाडजूड नियमावली केलेली आहे. तेथे वरच्या विभागातील बहुतेक खेळांत, विद्यार्थ्याचे दहावीचे वर्ष संपल्यानंतरच्या १५ जूनपूर्वी महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाने त्याच्याशी भरतीविषयी संपर्क साधणेही नियमबाह्य ठरते. आपल्याकडे अशी स्वतंत्र भरती-नियमावली नाही. येथे प्रवेशाचे सर्वसाधारण नियम, विद्यापीठ अनुदान आयोगाची परिपत्रके आणि स्पर्धेची पात्रता यांच्या चौकटीतच सर्व बसवावे लागते, आणि जी जागा मोकळी राहते ती महाविद्यालयाने स्वतःच्या लेखी धोरणाने भरावी लागते. असे धोरण नसलेल्या महाविद्यालयात खेळाडूला दिलेला शब्द हा त्या शिक्षकाचा वैयक्तिक शब्द असतो, आणि शिक्षकाची बदली किंवा निवृत्ती झाली की तो हवेत विरतो.

पहिली बोलणी पालकांसमक्ष करावीत. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला सरावानंतर बाजूला घेऊन, चहा पाजून, ‘घरी काही सांगू नकोस, आधी फॉर्म भर’ असे सांगणे हे कायद्याने गुन्हा नसेल, पण शोभणारे नक्कीच नाही, आणि पुढे वाद झाला तर त्याच गोष्टीचा बोभाटा होतो. ज्या खेळाडूने दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेतलेला आहे, त्याला वर्षाच्या मध्यात ओढून आणण्याचा उद्योग करू नये. त्याला स्वतःहून यायचे असेल, तर पुढील शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशावेळी, रीतसर दाखला घेऊन यावे असे सांगावे.

सवलत द्यायची असेल तर ती प्राचार्यांच्या सहीच्या पत्राने द्यावी आणि त्या पत्रात मोघम काहीही ठेवू नये. ‘फी माफ’ या दोन शब्दांत शिक्षण शुल्क येते की परीक्षा शुल्कही येते, वसतिगृहाचे भाडे येते की खाणावळीचा खर्चही येतो, एक वर्षापुरते की पदवी पूर्ण होईपर्यंत, हे स्वच्छ लिहावे. येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती किंवा सामाजिक प्रवर्गानुसार मिळणारी शासकीय शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करून पात्र विद्यार्थ्याला मिळतच असते. ती रक्कम ‘मी तुझी फी माफ करून घेतली’ असे सांगून खेळाडूच्या माथी उपकार म्हणून मारणारे लोक आपल्यात आहेत. पालकांनी महाविद्यालयाच्या कार्यालयात जाऊन एवढेच विचारावे की ही सवलत शासनाची आहे की महाविद्यालयाची, आणि महाविद्यालयाची असेल तर ती कोणत्या निधीतून आहे. रोख रक्कम हातावर ठेवण्याचा प्रकार तर सर्वथा टाळावा. जे द्यायचे ते शुल्काच्या पावतीत वजा दाखवावे किंवा विद्यार्थ्याच्या बँक खात्यात भरावे.

पत्रात सर्वांत महत्त्वाचे कलम दुखापतीचे असते आणि नेमके तेच कोणी लिहीत नाही. दुसऱ्या वर्षाला असलेल्या खो-खोपटूचा गुडघ्याचा लिगामेंट तुटला, तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे व्यायाम यांत त्याचा जवळजवळ पूर्ण हंगाम जातो. अशा वेळी ‘खेळत नाही तर सवलत नाही’ म्हणून वसतिगृह सोडायला लावणे, हे अनेक घरांच्या दृष्टीने शिक्षण सोडायला लावण्यासारखेच असते. म्हणून ‘महाविद्यालयाच्या सरावात किंवा स्पर्धेत झालेल्या दुखापतीमुळे खेळ थांबला, तरी मंजूर केलेली सवलत त्या शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंत कायम राहील आणि पुढील वर्षाचा निर्णय वैद्यकीय अहवाल पाहून लेखी कळवला जाईल’ अशा अर्थाचे वाक्य पत्रात असावे. महाविद्यालयाला याहून जास्त देणे परवडत असेल तर उत्तमच, पण याहून कमी देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

काही गोष्टींचे आश्वासन कोणीच देऊ नये, कारण त्या देणाऱ्याच्या हातात नसतात. विद्यापीठाच्या संघातील निवड ही निवड समितीची बाब आहे, अंतर्गत गुण विषय-शिक्षकांची, आणि हजेरी हजेरीपटाची. तसेच खेळाडू ‘हातचा जाऊ नये’ म्हणून त्याची मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला कपाटात अडकवून ठेवण्याची जुनी पद्धत आता चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या अधिसूचनेने मूळ कागदपत्रे पडताळणीनंतर विद्यार्थ्याला परत करणे बंधनकारक केले आहे.

पात्रतेचा कागद

एआययूच्या पात्रता नियमांचा गाभा थोडक्यात असा आहे. खेळाडू हा किमान एक शैक्षणिक वर्ष मुदतीच्या अभ्यासक्रमाचा पूर्णवेळ, नियमित विद्यार्थी असला पाहिजे. त्याच्या अभ्यासक्रमाची परीक्षा विद्यापीठ घेत असले पाहिजे. वय १ जुलै या तारखेला धरले जाते आणि ते १७ ते २५ वर्षांच्या मर्यादेत बसावे लागते. तात्पुरता प्रवेश पात्रतेसाठी ग्राह्य नसतो, पूर्णवेळ नोकरी करणारा पात्र नसतो आणि एकाच शैक्षणिक वर्षात दोन विद्यापीठांकडून खेळता येत नाही. बारावीनंतर किती वर्षांपर्यंत खेळता येते यालाही मर्यादा आहे. ती आणि वयाची अट दरवर्षीच्या परिपत्रकातून पाहून घ्यावी, मागच्या वर्षाच्या फाईलवरून उतरवून घेऊ नये.

हे नियम वाचायला सोपे आहेत. अडचण त्यांच्या सोलापुरी रूपांत असते.

पहिले रूप पोलीस भरतीचे आहे. आपल्याकडचे निम्मेअधिक मैदानी खेळाडू भरतीची तयारी करत असतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु ऑगस्टमध्ये महाविद्यालयात प्रवेश घेतलेला मुलगा डिसेंबरमध्ये पोलीस दलात किंवा राज्य राखीव पोलीस दलात रुजू झाला, की तो पूर्णवेळ नोकरदार होतो. त्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर असले आणि ओळखपत्र खिशात असले तरी तो विद्यापीठाकडून खेळू शकत नाही. निवड झालेल्या खेळाडूने रुजू होण्याची तारीख जिमखान्यात कळवावी आणि जिमखान्यानेही संघ पाठवण्यापूर्वी ती विचारून घ्यावी.

दुसरे रूप सीमेवरचे आहे. विजयपूर, इंडी, कलबुर्गी भागातून, कर्नाटकातील पीयूसी, म्हणजे तेथील बारावी, उत्तीर्ण होऊन, बरेच विद्यार्थी सोलापुरात पदवीला येतात. त्यांच्यासाठी मूळ मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र आणि आपल्या विद्यापीठाची पात्रता मंजुरी आवश्यक असते, आणि ती मिळेपर्यंत प्रवेश कायम झाला असे धरता येत नाही. असा खेळाडू असेल तर हे प्रकरण प्रवेशाच्याच महिन्यात कार्यालयाकडे लावून धरावे. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात केगावला विद्यापीठात हेलपाटे घालून ते सुटेलच असे नाही.

तिसरे रूप ‘वायडी’ झालेल्या विद्यार्थ्याचे आहे. विषय राहिल्यामुळे ज्याला पुढच्या वर्गात प्रवेश मिळालेला नाही आणि जो केवळ परीक्षेचा फॉर्म भरून बसलेला आहे, तो सरावाला रोज येत असला तरी चालू वर्षाचा नियमित विद्यार्थी नसतो. संघाचा कर्णधारच असा निघाला की मोह अनावर होतो आणि ‘मागच्या वर्षीचे ओळखपत्र आहे ना’ असे कोणीतरी म्हणतेच. अशा वेळी नकार देणे हे जिमखाना प्रमुखाचे काम आहे, खेळाडूंवर ते ढकलू नये.

तपासणीची पद्धत अशी ठेवावी. प्रत्येक खेळाडूचे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडावेत : दहावीचे प्रमाणपत्र, चालू वर्षाची प्रवेश-शुल्काची पावती आणि महाविद्यालयाचे ओळखपत्र. त्यावरून नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि कायम नोंदणी क्रमांक म्हणजे पीआरएन एकेक करून बोट ठेवून जुळवावेत. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी आणि आधार कार्डावर शेवटी असते, ‘शिवानंद’चे कोठे ‘शिवानंदप्पा’ झालेले असते, मुलीच्या लग्नानंतर ओळखपत्रावर नवे आडनाव आलेले असते. असा फरक आढळला तर पात्रता प्रपत्र दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच भरावे आणि फरकाचा खुलासा करणारे प्राचार्यांचे पत्र सोबत जोडावे. प्रपत्रावरील छायाचित्र अलीकडचे असावे आणि शिक्का अर्धा छायाचित्रावर, अर्धा कागदावर उमटलेला असावा. कोऱ्या प्रपत्रांवर प्राचार्यांच्या सह्या आधीच घेऊन ठेवण्याची सोयीस्कर प्रथा तातडीने बंद करावी, कारण त्या सहीखाली पुढे कोणाचे नाव भरले जाईल याची जबाबदारी सही करणाऱ्यावरच राहते.

वय चोरण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. जन्मतारीख बदलून घेतलेला खेळाडू विद्यापीठ स्तरावर निभावून गेला, तरी पुढे शासकीय नोकरीच्या वेळी त्याचे कागद पुन्हा उघडतात. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी शासकीय सेवेत ५ टक्के आरक्षण आहे आणि त्याचा लाभ घेण्याआधी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून होते. सोलापूरसाठी ते पुण्याला आहे. याच कारणासाठी, भरमसाट प्रवेश शुल्क घेऊन कोणत्या तरी गावी ‘राष्ट्रीय’ स्पर्धा भरवणाऱ्या अनोळखी संघटनांपासून दूर राहावे. पैसे भरण्यापूर्वी ती संघटना मान्यताप्राप्त आहे का आणि त्या स्पर्धेचे प्रमाणपत्र पडताळणीत ग्राह्य धरले जाते का, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे.

औषध, सलाईन आणि उत्तेजके

या भागात मी मुद्दाम अधिक वेळ थांबणार आहे, कारण येथे प्रामाणिक खेळाडूही अडकतो.

देशात उत्तेजकविरोधी काम राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था म्हणजे नाडा करते आणि २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने तिला वैधानिक अधिष्ठान मिळाले आहे. प्रतिबंधित पदार्थांची यादी जागतिक संस्था, म्हणजे वाडा, तयार करते आणि तिची नवी आवृत्ती दरवर्षी १ जानेवारीपासून लागू होते. आपला हंगाम या तारखेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असल्याने डिसेंबरमध्ये चालणारे औषध जानेवारीत बाद होऊ शकते. ट्रामाडोल हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अंगदुखीवर सर्रास दिली जाणारी ही वेदनाशामक गोळी १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धाकाळात प्रतिबंधित झाली. स्पर्धाकाळ म्हणजे सामान्यतः स्पर्धेच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपासून पुढे, हेही ध्यानात ठेवावे.

या सर्व नियमांचा पाया असा की खेळाडूच्या शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. डॉक्टरांनी दिले, सरांनी आणून दिले, डब्यावर लिहिलेले नव्हते, ही कारणे शिक्षा ठरवताना विचारात घेतली जाऊ शकतात, पण त्यांनी दोष पुसला जात नाही. स्टॅनोझोलोलसारख्या स्टिरॉइडसाठी पहिल्याच वेळी ४ वर्षांची बंदी येऊ शकते, म्हणजे महाविद्यालयीन कारकीर्द तेथेच संपते.

खोकल्याच्या औषधाची एक साधी बाटली हातात घेऊन पाहावी. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत कंपनीने दिलेले नाव असते. तिकडे लक्ष न देता बाटली फिरवावी आणि मागच्या बारीक अक्षरांतील घटक वाचावेत. त्यात टरब्युटालिन, ब्रोमहेक्सिन आणि ग्वायफेनेसिन अशी तीन नावे एकत्र दिसली, तर ती बाटली खेळाडूने औषधाच्या दुकानातच परत ठेवावी, कारण टरब्युटालिन हे स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही प्रतिबंधित आहे. अशी मिश्रणे आपल्याकडे अगदी सहज मिळतात आणि घरच्या मांडणीवर मागच्या हिवाळ्यातली अर्धी बाटली बहुतेकांकडे असतेच. दमा असलेल्या खेळाडूला साल्ब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मात्रेपर्यंत, म्हणजे २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतो, पण त्याच औषधाची गोळी किंवा सिरप चालत नाही. प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारख्या स्टिरॉइडच्या गोळ्या आणि इंजेक्शने स्पर्धाकाळात प्रतिबंधित आहेत, आणि रक्तदाबावर किंवा सूज उतरवण्यासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे तर कायमचीच. वजन गटात बसण्यासाठी मल्लाने अशी गोळी घेणे म्हणजे दोन्ही बाजूंनी आगीशी खेळ आहे, कारण शरीरातले पाणी आणि क्षार अचानक घटतात आणि नमुनाही दोषी ठरतो.

सलाईनबद्दल तर आपल्याकडे कोणाला संशयही येत नाही. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात सराव केला, अशक्तपणा वाटला, की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन एक बाटली लावून घेणे हा सर्वमान्य उपाय आहे. नियम असा की १२ तासांत एकूण १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव शिरेतून घेणे ही प्रतिबंधित पद्धत आहे, मग त्या बाटलीत नुसते मीठ-पाणी का असेना. रुग्णालयातील उपचार, शस्त्रक्रिया किंवा वैद्यकीय तपासणी यांसाठी खरोखर गरजेचे असेल तर अपवाद आहे, पण सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ‘ताकद यावी’ म्हणून लावलेली ५०० मिलिलिटरची बाटली या अपवादात बसत नाही. अर्थात उष्माघातासारखी खरी आणीबाणी असेल, तर जीव महत्त्वाचा. उपचार घ्यावेत, रुग्णालयाचे सर्व कागद जपून ठेवावेत आणि त्यांच्या आधारे नंतर सूट मागावी. एरवी आजारपणासाठी प्रतिबंधित औषध घेणे अटळ असेल, तर उपचारार्थ वापराच्या सवलतीचा अर्ज स्पर्धेच्या किमान ३० दिवस आधी करावा लागतो.

व्यायामशाळेत मिळणाऱ्या पावडरी, खुली चूर्णे आणि ‘पंप’ येण्यासाठी टोचली जाणारी मेफेंटरमिनची इंजेक्शने यांच्याबाबत माझा सल्ला एका शब्दाचा आहे : नको. रंगपंचमीच्या थंडाईतील भांगही याच खात्यात धरावी.

नमुना घेणारे अधिकारी आले तर पळून जाऊ नये. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य मैदानी स्पर्धेत नाडाचे अधिकारी आल्याचे कळताच पुरुषांच्या १०० मीटर अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिल्याची बातमी देशभर गाजली होती. नमुना देण्यास नकार देणे किंवा टाळाटाळ करणे हा स्वतंत्र भंग असून त्याचीही शिक्षा ४ वर्षांपर्यंत जाते. सूचना मिळाल्यावर अधिकाऱ्याचे ओळखपत्र पाहावे, सोबत संघव्यवस्थापकाला घ्यावे, अधिकाऱ्याच्या नजरेसमोरच राहावे आणि बंद पाण्याची बाटलीच वापरावी. किमान ९० मिलिलिटर मूत्र लागते आणि ते खेळाडूच्या डोळ्यांदेखत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्यांत सीलबंद होते. बाटल्यांचा संच खेळाडूने स्वतः निवडायचा असतो आणि झाकणावरील क्रमांक फॉर्मवरील क्रमांकाशी जुळवून पाहायचा असतो. मागील ७ दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा, फॉर्मवर लिहावी. फॉर्म इंग्रजीत असतो, तेव्हा न समजलेल्या ओळीखाली सही करण्यापूर्वी ती समजावून मागण्याचा हक्क खेळाडूला आहे.

दौऱ्यावरचे वर्तन

संघ गाडीत बसल्यापासून परत सोलापूर स्थानकावर उतरेपर्यंत संघव्यवस्थापक हा महाविद्यालयाचा किंवा विद्यापीठाचा प्रतिनिधी असतो. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक किंवा प्रशिक्षक असलीच पाहिजे, आणि ‘ऐनवेळी कोणी मिळाले नाही’ हे कारण चालवून घेऊ नये. खेळाडूंशी संपर्क ठेवण्यासाठी एकच गट करावा आणि त्यात दुसऱ्या शिक्षकाचाही समावेश असावा. प्रशिक्षकाने रात्री-अपरात्री एखाद्या खेळाडूला स्वतंत्र संदेश पाठवण्याचे कारण क्वचितच असते.

लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीकडे करता येते. त्यासाठी सामान्यतः घटनेपासून ३ महिन्यांची मुदत असून योग्य कारण असल्यास ती आणखी ३ महिन्यांनी वाढवता येते. स्पर्धा परगावी झाली म्हणून समितीचा अधिकार संपत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार मुलगेही तक्रार करू शकतात. खेळाडू १८ वर्षांखालील असेल, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला असे पुष्कळ जण असतात, तर बालकांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा लागू होतो आणि माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची कायदेशीर जबाबदारी येते. ‘संघाचे नाव खराब होईल’ म्हणून प्रकरण आपसात मिटवणारा शिक्षक त्या क्षणी स्वतःच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. वरिष्ठ खेळाडूंनी नव्यांकडून कपडे धुऊन घेणे, किट वाहून घेणे यालाही ‘परंपरा’ म्हणू नये. ते रॅगिंग आहे आणि त्यासाठी १८००-१८०-५५२२ हा राष्ट्रीय मदत क्रमांक उपलब्ध आहे.

पैशांच्या बाबतीत खेळाडूने एक सवय लावून घ्यावी. दैनिक भत्त्याच्या व्हाउचरवर आकडा भरलेला असल्याशिवाय आणि तेवढीच रक्कम हातात किंवा खात्यात आल्याशिवाय सही करू नये. ‘नंतर भरून घेतो, तू फक्त सही कर’ असे म्हणणाऱ्याशी वाद घालण्याची गरज नाही. त्या व्हाउचरचे मोबाईलवर छायाचित्र काढतो एवढे नम्रपणे म्हटले की बहुधा आकडा लगेच भरला जातो. सट्टा आणि पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाईन खेळांना २०२५ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केली आहे. स्वतःच्या सामन्याची आतली माहिती, कोण जखमी आहे, कोण खेळणार नाही, ही मित्रमंडळींच्या गटात टाकणे हेही टाळावे.

पंचांच्या निर्णयावरून मैदानात धाव घेणे, प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या लोकांनी आरडाओरड करणे, यावर कर्णधाराने आधीच ठरवून घ्यावे की बोलायचे ते फक्त कर्णधार किंवा व्यवस्थापक बोलेल.

हरकत आली तर, आणि चूक आपलीच निघाली तर

प्रतिस्पर्ध्याच्या पात्रतेविषयी शंका असेल, तर ती ठरलेल्या मुदतीत, ठरलेले शुल्क भरून, लेखी द्यावी लागते. तोंडी गोंगाटाला कोणतीही किंमत नसते. हरकतीत शंका कोणत्या नियमाखाली आहे आणि तिचा पुरावा काय, हे दोनच मुद्दे असावेत. आपल्या खेळाडूविरुद्ध हरकत आली, तर मूळ कागद मागवले जातील असे धरून दहावीचे प्रमाणपत्र, प्रवेशाची पावती आणि बोनाफाईड यांच्या साक्षांकित प्रती व्यवस्थापकाच्या पिशवीत पहिल्या दिवसापासून असाव्यात. मोबाईलमधील छायाचित्र पुरेसे मानले जाईल या भरवशावर राहू नये.

खेळाडू अपात्र होता हे सामना खेळून झाल्यावर आपल्याच लक्षात आले, तर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला प्राचार्यांच्या पत्राने त्याच दिवशी कळवावे. पत्रात खेळाडूचे नाव, खेळलेले सामने, चूक कशी झाली आणि ती कोणाच्या हातून झाली हे लिहावे. चूक कार्यालयाची असेल तर तसे स्पष्ट म्हणावे आणि खेळाडूच्या माथी मारू नये, कारण त्याच्यावरील कारवाई ठरताना हा एक परिच्छेदच त्याच्या बाजूने बोलणार असतो. खेळाडूलाही त्या पत्राची प्रत द्यावी, त्याचे म्हणणे लेखी घ्यावे आणि ते मूळ पत्राला जोडूनच पाठवावे.